दहा इंची वूफर फेकू नका, फक्त फोम बदला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: काकांनी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला दुबईहून आणलेली थ्री-वे स्पीकरची, म्हणजे एकेका पेटीत तीन स्पीकर असलेली, जोडी रत्नागिरीच्या घरी माळ्यावर पडून होती. खाली उतरवली तर १० इंची वूफरच्या (खर्जाच्या मोठ्या स्पीकरच्या) कडेचा फोम बोट लावताच चिकट भुगा होऊन गळतोय. एका पेटीतला ट्वीटर (बारीक आवाजाचा छोटा स्पीकर) बोलतच नाही, दुसरीतला मधूनच खरखरतो. तळाकडचं विनियर (वरचा पातळ लाकडी पापुद्रा) सुटलंय आणि नावाची पट्टी कधीच पडून गेली आहे. मेकॅनिक म्हणतो, नवे १० इंची वूफर आणि नवे ट्वीटर टाकून देतो. तुमच्याकडे ६,००० रुपये आहेत. तसं करावं का?

करू नका. वूफर तर अजिबात बदलू नका. तुमच्या वर्णनावरून त्यांचा फक्त फोम गेलाय, वूफर गेलेले नाहीत. ही जोडी ६,००० च्या आत, आणि घाई केली नाही तर बऱ्याच कमी पैशांत, मूळ आवाजासकट उभी राहू शकते.

मेकॅनिकचा हेतू वाईट नाही. त्याच्या रोजच्या कामात १० इंची म्हणजे १० इंची. पण या पेट्या वेगळ्या हिशोबाने बनलेल्या आहेत. मागे कुठे भोक किंवा नळी नाही असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे पेटी पूर्ण बंद. ही पद्धत एडगर विल्चर आणि हेन्री क्लॉस यांनी १९५४ साली अमेरिकेत अकूस्टिक रिसर्च कंपनीच्या एआर-१ या स्पीकरमधून बाजारात आणली, आणि पुढची तीसेक वर्षं घरगुती स्पीकरवर तिचाच पगडा होता. तिच्यात वूफरचा कोन (पुढचा कागदी शंकू) मुद्दाम अगदी सैल टांगलेला असतो. त्याला मागे खेचायचं काम कडेचा फोम फारसं करत नाही, पेटीत कोंडलेली हवा करते. हवेची स्प्रिंग कुठल्याही कापडाच्या किंवा फोमच्या स्प्रिंगपेक्षा सरळ वागते, म्हणून एवढ्याशा पेटीतून खोल आणि स्वच्छ खर्ज निघतो.

अशा वूफरचा मोकळ्या हवेतला स्वतःचा कंप साधारण २० ते २५ हर्ट्झ असतो आणि पेटीत बंद केल्यावर तो ४०-४५ च्या आसपास चढतो. बाजारात सहज मिळणारा १० इंची वूफर बहुधा लाउडस्पीकरवाल्यांसाठी बनलेला असतो. त्याची कड ताठ, कंप ५० हर्ट्झच्या पुढे, आणि तेवढ्याच वॉटला तो तुमच्या जुन्या वूफरपेक्षा बराच मोठ्याने बोलतो. तो या पेटीत बसवला की कंप ८०-९० वर जाईल, खालचा खर्ज नाहीसा होईल आणि मधला आवाज अंगावर येईल. मिड (मधल्या आवाजाचा स्पीकर) आणि ट्वीटर त्याच्यापुढे दबतील. मग ‘जुने स्पीकर असेच असतात’ म्हणून ते परत माळ्यावर जातील. चांगल्या जोड्या अशाच वाया जातात, आणि ते पाहून मला मनापासून वाईट वाटतं.

आधी खोलून बघा, खरेदी नंतर

पेटी पाठीवर आडवी ठेवा, म्हणजे स्क्रू काढताना वूफर खाली पडणार नाही. स्क्रू ड्रायव्हर वापरताना दुसऱ्या हाताने कोनावर जाड पुठ्ठा धरा. वूफरचं चुंबक स्क्रू ड्रायव्हरला असा खेचतं की हात सुटला तर टोक थेट कागदातून आरपार जातं. निरोगी वूफरची सगळ्यात जास्त हानी या एका क्षणात होते. वायर सोडवण्याआधी कुठला रंग कुठल्या टोकाला होता त्याचा मोबाईलवर फोटो काढा. दोन्ही पेट्यांचे वेगळे फोटो हवेत, कारण पूर्वी कोणी हात लावला असेल तर त्या एकसारख्या असतीलच असं नाही.

आत काचेचा लोकर असेल तर मास्क आणि हातमोजे घाला. तो फेकू नका आणि त्यात भरही घालू नका. ते भरण हवेची उष्णता शोषतं, त्यामुळे वूफरला पेटी प्रत्यक्षापेक्षा मोठी वाटते. म्हणजे तो मापात धरलेला भाग आहे. जेवढा निघाला तेवढाच परत गेला पाहिजे, तेव्हा दोन्ही पेट्यांचा वेगळा पिशव्यांत ठेवा.

आता वूफर उलटा करून चुंबकावर किंवा पत्र्यावर शाईने छापलेला आकडा शोधा. पट्टी नसली तरी याच्यावरून वंशावळ कळते. अमेरिकी माल असेल तर पहिले तीन आकडे कारखान्याचे असतात. १३७ म्हणजे सीटीएस, २२० म्हणजे जेन्सन. त्यापुढे साल आणि आठवडा. १३७ ७८३४ असं असेल तर सीटीएसने १९७८ च्या चौतिसाव्या आठवड्यात बनवलेला. जपानी माल असेल तर पद्धत वेगळी, पण तोही आकडा लिहून ठेवा. पुढे सुटा भाग शोधताना तोच लागेल.

मग मल्टिमीटर. वूफरची एक वायर काढून दोन टोकांमध्ये ओहम मोजा. ८ ओहमचा वूफर मीटरवर साधारण ६ ते ७ दाखवतो, ४ ओहमचा ३ ते ३.५. कमी दिसलं म्हणून घाबरू नका, मीटर फक्त तारेचा रोध मोजतो. काहीच दाखवलं नाही तरच कॉइल (कोनाला जोडलेली तारेची गुंडाळी) तुटली आहे. त्यानंतर दोन्ही हातांची बोटं कोनावर डस्ट कॅपभोवती (मधल्या गोल टोपीभोवती) समोरासमोर ठेवून कोन सरळ आत दाबा आणि कान जवळ न्या. गुळगुळीत गेला तर उत्तम. कागदावर नख ओढल्यासारखी खरखर आली तर कॉइल चुंबकाच्या फटीत घासतेय. फोम गेलेल्या वूफरमध्ये कोन एका बाजूला कललेला असतो म्हणून थोडी खरखर येऊ शकते. कोन बोटांनी किंचित उचलून मध्यावर धरला आणि ती थांबली, तर काळजी नाही. या अवस्थेत त्यांच्यावर गाणी मात्र लावू नका. आधार नसलेला कोन डोलतो, कॉइल घासते, आणि फक्त फोम बदलून भागणारं काम कॉइल बदलण्यावर जातं.

ट्वीटर बोलत नाही म्हणजे मेला असं नाही

तुमच्या पेट्यांच्या मागे मिड आणि ट्वीटरचा आवाज कमी-जास्त करायची दोन बटणं आहेत. माझा पहिला संशय त्यांच्यावर आहे. या बटणांच्या आत उघड्या तारेचं वेटोळं असतं आणि त्यावरून एक पत्री सरकते. चाळीस वर्षं एकाच जागी राहिलेली पत्री, त्यात कोकणातली खारी हवा. तिथे हिरवा गंज चढतो आणि ट्वीटरची वाट बंद होते. दुसऱ्या पेटीतली खरखरही बहुधा तिथलीच. ही काही तुमच्या एकट्याची गोष्ट नाही. एआरच्या नामवंत जुन्या स्पीकरांमध्ये हा दोष जगभर माहीत आहे.

म्हणून ट्वीटरची एक वायर सोडवून थेट त्याच्या टोकांवर मीटर लावा. ५-७ ओहम दिसलं तर ट्वीटर जिवंत आहे. ओहमच्या रेंजवर मीटरची टोकं लावता-काढताना त्यातून बारीक टिकटिक ऐकू येते, तीही खूण. ट्वीटरला सेल लावून तपासायची सवय असेल तर ती वूफरपुरती ठेवा; घुमटाकार ट्वीटरची तार केसाएवढी असते. जिवंत निघाला तर बटण खोला, काँटॅक्ट क्लीनर मारा, या टोकापासून त्या टोकापर्यंत भरपूर फिरवा, आणि तार उघडी दिसत असेल तर जुन्या टूथब्रशने घासा. तरीही चुकार वागलं तर त्याच वॉटचं नवं ८ ओहमचं एल-पॅड (स्पीकरचा आवाज कमी-जास्त करायचं बटण) घाला. वायरिंग थोडं वेगळं असतं, म्हणून आधी कागदावर काढून बघा.

ट्वीटर खरंच तुटलेला निघाला तर भिंगातून त्याच्या कडेची तार बघा. टोकापासून घुमटाकडे जाणारी तार कित्येकदा सोल्डरच्या डागाजवळच तुटलेली असते, आणि बारीक टोकाच्या सोल्डरिंग आयर्नने ती जोडता येते. कॉइल आतूनच जळली असेल तर आकड्यावरून तसाच जुना ट्वीटर शोधा. नाहीच मिळाला तर दोन्ही पेट्यांत एकसारखे नवे टाका, एकात जुना आणि एकात नवा असं नको. नव्याची संवेदनशीलता (तेवढ्याच वॉटला तो किती मोठ्याने बोलतो ते) जुन्याएवढी किंवा थोडी जास्त चालेल, जास्तीची बटणाने कमी करता येते. कमी असेल तर उपाय नाही. बिघडलेला नसलेला जुना ट्वीटर जपून ठेवा.

फोम

खरं काम हे आहे, आणि त्याचं भय वाटतं त्यापेक्षा ते सोपं आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकात कडेला पॉलियुरेथेनचा फोम सर्रास वापरला गेला. हलका, मऊ, आवाजाला उत्तम. पण हवेतला ओलावा त्याची साखळी हळूहळू तोडतो. कोरड्या हवेत पंधरा-वीस वर्षं टिकतो, आपल्या किनाऱ्यावर त्याहून कमी. तो कोणाच्या निष्काळजीपणाने जात नाही. त्या काळच्या ज्या स्पीकरांना रबराची किंवा डोप (चिकट लेप) लावलेल्या कापडाची कड होती ते आजही धड असतात. तुमचा भुगा होतोय, म्हणजे फोमच.

नवी रिंग मागवताना ‘१० इंची’ एवढंच सांगून चालत नाही. चार मापं घ्या: लोखंडी चौकटीवर फोम जिथे चिकटतो तिथला बाहेरचा व्यास, त्याच पट्टीचा आतला व्यास, कागदी कोनाचा बाहेरचा व्यास, आणि फोमच्या फुगीर वळणाची रुंदी. शेवटचं माप भुग्यामुळे घेता येत नसेल तर चौकटीची आतली कड आणि कोनाची बाहेरची कड यांमधलं अंतर मोजा. फोम कोनाच्या वरून चिकटवलेला होता की खालून, हेही बघा. आणि आतली कड सपाट आहे की कोनाच्या उतारासारखी तिरकी, हे विकणाऱ्याला विचारा. सपाट कड उतारावर चिकटवली की सुरकुत्या पडतात.

मूळ फोम होता तर फोमच घ्या. रबर जास्त टिकतं म्हणून ते बसवायचा मोह होतो, पण ते जड आणि ताठ असतं, आणि वर सांगितलेलं सैल टांगणीचं गणित तिथेच बिघडतं. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतली तापकीर गल्ली इथे विचारायला हरकत नाही, मात्र दुकानात मिळणारी रिंग लाउडस्पीकरवाल्यांची ताठ कापडी नाही ना ते हातात घेऊन बघा. चिमटीत धरल्यावर ती स्वतःच्या वजनाने वाकली पाहिजे. मापाची मिळाली नाही तर ऑनलाइन मागवा. दोन वूफरच्या रिंगांवर तुमच्या बजेटचा सगळ्यात मोठा हिस्सा जाईल आणि तो जाऊ द्या.

जुना फोम काढायला वेळ लागतो. चौकटीवरची पुठ्ठ्याची गोल पट्टी पातळ सुरीने हळूहळू, तुकडे न करता उचला. ती परत लावायची आहे. कोनावरचा चिकट थर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापडाने मऊ करून बोथट पात्याने ओढा. कागद ओला करू नका, अल्कोहोल कापडावर घ्या, कोनावर ओतू नका. चौकटीवर मात्र धातू दिसेपर्यंत खरवडा, कारण जुन्या गोंदाचा खडा राहिला की रिंग तिथे वर उचलली जाते.

आता मध्य साधणं. याच्या दोन रीती आहेत. एक, डस्ट कॅप धारदार पात्याने कडेने कापून काढायची आणि कॉइल व आतला लोखंडी खांब यांच्या फटीत चार बाजूंनी सारख्या जाडीच्या पट्ट्या सरकवायच्या. जुनी एक्स-रे फिल्म कापून केलेल्या पट्ट्या उत्तम बसतात. फट भरेल पण कोन अडकणार नाही एवढ्या. फोम पूर्ण वाळेपर्यंत पट्ट्या तशाच ठेवायच्या, मग काढून कॅप परत चिकटवायची. दुसरी रीत कॅप न कापता: मोबाईलवरून २५-३० हर्ट्झचा सूर अॅम्प्लिफायरमार्फत थेट वूफरला द्यायचा, आवाज इतकाच की कोन दोन-तीन मिलिमीटर हलेल, आणि बाहेरची कड ओली असताना रिंग किंचित इकडे-तिकडे सरकवत खरखर पूर्ण थांबेल ती जागा धरायची. पहिल्यांदा करणाऱ्याला मी पट्ट्यांची रीत सांगेन. कॅपची कड नंतर थोडी दिसते, पण मध्य चुकत नाही.

गोंद म्हणून कागदी कोनाला साधा पांढरा फेविकॉल पुरतो. तो सावकाश धरतो, म्हणजे सरकवायला सवड मिळते, आणि सुकल्यावर पारदर्शक होतो. तुमचा कोन चकचकीत प्लास्टिकचा असता तर तो चालला नसता. झटपट सुकणारा गोंद या कामात नको. एकदा वाकडा बसला की संपलं. आधी आतली कड कोनाला चिकटवा. ब्रशने पातळ थर, मग बोटांनी गोल फिरत दाबत जा. रात्रभर सुकू द्या. पावसाळ्यात करत असाल तर पूर्ण दिवस द्या. त्यानंतरच बाहेरची कड चौकटीला, मध्य साधून. शेवटी पुठ्ठ्याची पट्टी आणि तिच्यावर सारख्या अंतरावर कपड्यांचे चिमटे.

वूफर पेटीत परत लावताना अर्धा फेरा फिरवून लावा, म्हणजे पूर्वी वरची बाजू होती ती आता खाली. चाळीस वर्षं उभ्या पेटीत टांगलेल्या कोनाचा स्पायडर (मागून त्याला मध्यावर धरणारी लवचिक कापडी चकती) वजनाने किंचित खाली झुकलेला असतो. उलटं लावल्याने तो हळूहळू मध्यावर येतो. फुकटचं काम आहे आणि फारसं कोणी करत नाही.

कपॅसिटर

क्रॉसओव्हरच्या (आवाज वाटून ज्या त्या स्पीकरकडे पाठवणाऱ्या सर्किटच्या) पट्टीवर गोल नळकांड्यासारखे कपॅसिटर असतील, जुने मेकॅनिक त्यांना कंडेन्सर म्हणतात. त्यांतले इलेक्ट्रोलिटिक प्रकारचे वयाने सुकतात. एक पाय सोडवून मोजा. तुमच्या मीटरवर मायक्रोफॅरड (कपॅसिटरचं माप) मोजायची सोय नसेल तर मोजण्यात वेळ न घालवता बदला, स्वस्त आहेत. याच पट्टीवरच्या तांब्याच्या कॉइल बदलू नका, तांब्याची तार म्हातारी होत नाही. त्यांची जागा आणि दिशाही हलवू नका.

मूल्य मात्र तेच ठेवायचं. ट्वीटरला ओळीत जोडलेला ६ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ८ ओहमवर साधारण ३,३०० हर्ट्झपासून वरचा आवाज ट्वीटरकडे सोडतो. कोणी ‘थोडा मोठा टाक’ म्हणून १० चा टाकला तर तीच सीमा २,००० च्या आसपास येते आणि एवढ्या खालच्या आवाजाचा भार घेऊन ट्वीटर जळतो. नेमका आकडा मिळत नसेल तर दोन समांतर जोडा, मूल्यांची बेरीज होते: ४.७ आणि १ मिळून ५.७. टीव्ही दुरुस्तीत लागतात तसे अधिक-उणे खूण असलेले कपॅसिटर इथे चालत नाहीत, ‘बायपोलर’ किंवा ‘नॉन-पोलर’ मागा, किमान ५० व्होल्टचे.

महागडे पॉलिप्रॉपिलीनचे घ्यावेत का? ट्वीटरच्या ओळीतल्या एकासाठी घ्या, पैसे वसूल होतात. वूफरच्या बाजूच्या मोठ्या कपॅसिटरसाठी साधा नवा बायपोलर पुरे. हा पॉलिप्रॉपिलीनचा कपॅसिटर टाकल्यावर ट्वीटर जरा टोचायला लागला तर त्याच्या ओळीत पाव ते अर्धा ओहमचा रोध घाला. जुन्या कपॅसिटरमध्ये तेवढा रोध अंगचाच होता आणि बनवणाऱ्याने तो धरून आवाज जुळवला होता.

पेटी

विनियरखाली फेविकॉल पातळ करून सिरिंजने सोडा, वर कागद ठेवून मध्यम गरम इस्त्री फिरवा आणि वजन ठेवा. तळाचा भुशाचा बोर्ड फुगला असेल तर आधी पूर्ण वाळू द्या, मगच हे. पॉलिश पेपर हाताने, बारीक, रेषांच्या दिशेने; मशीन लावलं तर पातळ विनियर काही सेकंदांत जातं. वरून उकळलेल्या जवसाच्या तेलाचे दोन हात द्या. तेलाचा चिंधा मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, तो आपोआप तापून पेट घेतो. उघडा पसरून वाळवा.

सौंदर्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे पेटी हवाबंद असणं. वूफरखाली दाराच्या फटीला लावतात ती बंद छिद्रांची फोमपट्टी नवी घाला, मागच्या टर्मिनलभोवतीही. सगळं घट्ट झाल्यावर कोन हलकेच आत दाबून सोडा. तो संथपणे परत आला पाहिजे. झटकन आला तर कुठून तरी हवा जातेय. समोरच्या जाळीचं कापड बदलायचं असेल तर तोंडाजवळ धरून फुंकर मारा, हवा अडली तर आवाजही अडेल. पातळ मलमल चालते. जाळीवर पैसे शेवटी, उरले तर.

पहिली चाचणी

जोडण्याआधी १.५ व्होल्टचा सेल वूफरच्या टोकांना क्षणभर लावा. सेलचं अधिक लाल टोकाला लावल्यावर दोन्ही कोन बाहेर यायला हवेत. मग दोन्ही पेट्या समोर मांडून मोनो बोलका आवाज लावा, आकाशवाणीच्या बातम्या सगळ्यात बऱ्या. निवेदक दोन पेट्यांच्या बरोबर मध्ये बसलेला वाटला पाहिजे. आवाज खोलीभर विखुरलेला वाटत असेल तर एका पेटीची वायर उलटी आहे. त्यानंतर तानपुरा, एकदा या पेटीतून, एकदा त्या. दोन्हींचा झंकार सारखा येत नसेल तर मागची बटणं तिथे जुळवा. खर्जासाठी डग्ग्याची मींड ऐका; ती लांबत जायला हवी, ‘भद्’ करून थांबायला नको. सुरुवातीचे काही तास नवा फोम ताठ असतो, तेव्हा खर्जाचा निकाल लगेच लावू नका आणि आवाजही मध्यम ठेवा. छोटा अॅम्प्लिफायर पूर्ण पिळून वाजवू नका. ट्वीटर मोठ्या अॅम्प्लिफायरपेक्षा फाटलेल्या आवाजाने जास्त जळतात.

खर्चाचा क्रम तुमच्यासाठी असा लावेन: मल्टिमीटर नसेल तर तो आधी, मग फोमच्या रिंगा, मग कपॅसिटर, काँटॅक्ट क्लीनर आणि फोमपट्टी. तेल-पॉलिश त्यानंतर. ट्वीटरसाठी राखलेले पैसे बटणं साफ करून बघेपर्यंत खिशातच ठेवा. वूफरची चार मापं, ट्वीटरमागचा आकडा आणि क्रॉसओव्हरचा एक स्पष्ट फोटो पाठवा. रिंग कुठली बसेल आणि कपॅसिटर कुठले घ्यायचे ते त्यावरून नेमकं सांगता येईल, मगच ऑर्डर द्या.